घाटावरचं अद्रक

मलकापूरहून मोताळ्यावरून बुलढाण्याला निघालं की राजूर घाट लागतो. खाली कपाशीचं सपाट रान, वर आलं की हवेत गारवा. या वळणांनी जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. इथला माणूस आधी घाटावरचा असतो किंवा घाटाखालचा. तालुका, जात, पक्ष हे सगळं नंतर. सोयरीक जमवताना, बदली मागताना, निवडणुकीचं तिकीट वाटताना हाच हिशोब, आणि पिकांचाही हाच. घाटाखाली पूर्णेच्या काठची भारी काळी जमीन पाणी धरून बसते. तिच्यात कापूस येतो, अद्रक कुजतं. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे निचऱ्याची मध्यम जमीन सापडते, आणि ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं तो सोयाबीनच्या पट्ट्यात अर्धा-एक एकर अद्रकाचा डाव खेळतो. अद्रकाचा मोठा मुलूख इथला नव्हे. तो शेजारी फुलंब्री, खुलताबाद, कन्नड, सिल्लोडकडे, आणि दूर साताऱ्यात कोरेगावच्या बाजूला. पण हौस, ईर्षा आणि पाहुण्यांचा सल्ला या तिन्ही गोष्टी जिल्ह्याची हद्द मानत नाहीत.

चहासाठी, खोकल्यासाठी, मटणाच्या वाटणासाठी अद्रक घेणारे होतेच. आता एक नवं गिऱ्हाईक तयार झालं आहे, वयाला भ्यालेलं. पहाटे मोबाइल उघडावा तर कुणीतरी पाठवलेलं असतं: कोमट पाण्यात अद्रकाचा रस, वर लिंबू, वर मध, गुडघे मोकळे, रक्तवाहिन्या साफ, सुरकुत्या गायब, शंभरी नक्की. शहरातल्या औषधाच्या दुकानांत अद्रकाच्या कॅप्सूल बाटल्यांमधून मिळतात. हे सगळं चावडीवरच्या गप्पांसारखं उडवून लावावं, तर तसंही नाही. निरोगी वार्धक्य हा आज जगभर संशोधनाचा मोठा विषय आहे आणि त्यात अद्रकाचं नाव सारखं येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अद्रक खाऊन माणसाचं आयुष्य वाढलं, असं दाखवणारी एकही चाचणी नाही. पण वय झाल्यावर भूक लागणं, घास उतरणं, पोट हलकं राहणं या ज्या गोष्टींची किंमत कळू लागते, त्यांना ते हातभार लावतं, गुडघ्यालाही थोडा. निरोपांमधल्या वचनांपुढे हे फार थोडं वाटेल. ज्याच्या घरात पंच्याहत्तरीचं माणूस 'नको, पोट भरलंय' म्हणत ताट सरकवतं, त्याला ते थोडं वाटणार नाही.

लागवड अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे सुरू होते आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आटपते. चार-साडेचार फुटांचा गादीवाफा, त्यावर ठिबकची नळी. बेणं एकरी आठ-दहा क्विंटल लागतं. आदल्या वर्षी भाव चढलेला असला तर शेतकऱ्याची कंबर इथेच वाकते. कंद डोळे बघून मोडायचे, पंचवीस ते पन्नास ग्रॅमचा तुकडा, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवायचा. वाण बहुतेक ठिकाणी माहीम. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेनं वरदा, महिमा, रेजाथा असे वाण काढले आहेत, तरी इकडे माहीमचा वट अजून टिकून आहे. पुढे पावसाळा, आणि पावसाळ्यात कंदकूज. झड लागली की घरचा कर्ता रात्री बॅटरी घेऊन वाफ्यांमधले चर मोकळे करत फिरतो. पान टोकाकडून पिवळं पडलं, खोड ओढल्याबरोबर हातात आलं आणि बुंध्याला कुजका वास आला, तर शेजारच्या चार झाडांचीही आशा सोडायची. फवारणी, आळवणी सगळं करतात. पण साचलेल्या पाण्यापुढे औषधाचं फारसं चालत नाही, हे प्रत्येक जण एकदा पैसे घालवून शिकतो.

निंदण बायांचं. उकिडवं बसायचं, एक पाय पुढे सरकवायचा, दुसरा त्याच्यामागे ओढायचा आणि खुरप्याच्या टोकानं गवत मुळासकट काढायचं. अद्रकाच्या वाफ्यात हात जपून चालवावा लागतो. कंदाला खुरपं लागलं की त्या जखमेतून बुरशी आत शिरते. म्हणून इथे सोयाबीनसारखी घाई चालत नाही, आणि घाई नाही म्हणजे बसणं जास्त. गुडघ्यांची झीज लवकर होण्यामागे वय आणि वजन असतं, तशीच उकिडवं बसून केलेली वर्षानुवर्षांची मेहनतही असते. चिखलीकडच्या एका वावरात दुपारी धुऱ्यावर बाया शिदोरी सोडून बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील आजींना विचारलं, अद्रकानं गुडघे बरे होतात म्हणतात, खरं का?

'अद्रकापायीच तं गेले बापा गुडघे,' त्या म्हणाल्या. 'आता तेच खाऊन वापस येतीन का?'

बाया हसल्या. मग आजींनीच सांगितलं, रात्री सुंठ उगाळून कोमट लेप लावते. त्यानं काय होतं? 'काय होते म्हंजे? जरा गरम लागते, झोप लागते. अजून काय पाहिजे?' भाकरीबरोबर ठेचा होता. दात गेलेल्या बाईनं तो भाकरीवर न घेता ताकात कालवून घेतला, हेही मी पाहिलं.

हे नवं कौतुक जुन्या ग्रंथांवर ढकलण्याची आपल्याकडे खोड आहे. 'आयुर्वेदात अद्रकाला आयुष्यवर्धक म्हटलंय' हे वाक्य प्रत्येक कॅप्सूलच्या जाहिरातीत सापडतं. म्हणून चरकसंहिता उघडून पाहिलेली बरी. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गट दिले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यातला अगदी शेवटचा, पन्नासावा गट वयःस्थापनाचा, म्हणजे वय धरून ठेवणाऱ्या औषधांचा. त्यात गुळवेल आहे, हिरडा आहे, आवळा आहे, जीवंती, मंडूकपर्णी, पुनर्नवा आहेत. अद्रक नाही. सुंठही नाही.

ती दुसरीकडे आहेत. भूक चेतवणाऱ्या दीपनीय गटात अद्रक आहे, पोटशूळ शमवणाऱ्या गटात आहे, थंडी घालवणाऱ्या गटात आहे, आणि मूळव्याधीवरच्या गटात सुंठ आहे. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो तृप्तिघ्न नावाचा गट. इथली तृप्ती समाधानाची नव्हे. न जेवताच पोट भरल्यासारखं वाटणं, अन्नाची वासना मेलेली असणं, हा एक विकार मानला आहे, आणि त्याच्यावरच्या दहा औषधांची यादी सुंठीपासून सुरू होते. १९८८ मध्ये जॉन मॉर्ली या वार्धक्यतज्ज्ञांनी म्हातारपणी कमी होत जाणाऱ्या भुकेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे वैद्यकाचं लक्ष वेधलं. वय वाढतं तशी चव आणि वास मंदावतात, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, चार घासांत पोट गच्च वाटतं. मग प्रथिनं कमी पडतात, स्नायू झडतात, तोल जातो, माणूस न्हाणीत पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हातारपणाच्या पुष्कळ गोष्टी अशा ताटापासून सुरू होतात. चरकाच्या यादीनं सुंठीला बसवलं आहे ते नेमकं या ताटाशेजारी. अमृताच्या कुंभाशेजारी नव्हे. जुन्यांनी दाखवलेला हा संयम जाहिरातवाल्यांना मानवत नाही, त्याला कोण काय करणार.

यादीवरून आठवलं. शार्ङ्गधरसंहितेत म्हातारपणाचा एक विलक्षण हिशोब मांडलेला आहे: दर दहा वर्षांनी माणसाची एकेक गोष्ट जाते. आधी बालपण, मग वाढ, मग कांती, मग मेधा, त्वचा, दृष्टी, असं करत करत शेवटी जीव. मेहकरला शारंगधर बालाजीचं प्रसिद्ध मंदिर आहे. त्या देवाचा आणि या ग्रंथकाराचा संबंध नाही, पण मेहकरच्या एस.टी. स्टँडवर बसून हा हिशोब आठवला की समोरच्या बाकावरच्या माणसांची दशकं मोजावीशी वाटतात.

आता प्रयोगशाळेतलं अद्रक. ताज्या कंदाचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल नावाच्या द्रव्यांमुळे. कंद वाळवला किंवा तापवला की जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. ते जिंजेरॉलहून दुपटीपेक्षा जास्त तिखट. घरोघरची आजी ताजं अद्रक एका कामाला आणि सुंठ दुसऱ्या कामाला वापरायची, त्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे: दोन्हींमधला माल वेगळा आहे. शरीरात दाह वाढवणाऱ्या ज्या साखळ्या आहेत, त्यांतल्या काही कड्या ही द्रव्यं ढिल्या करतात, असं नळीतल्या पेशींवर आणि उंदरांवर पुष्कळदा दिसलं आहे. वार्धक्याचा आजचा एक मोठा सिद्धांत असाच आहे, की वय वाढतं तसा शरीरात मंद आचेवर दाह चालू राहतो आणि सांधे, रक्तवाहिन्या, मेंदू यांना तो हळूहळू पोळतो. अद्रकाचं नाव वार्धक्याशी जोडलं जातं ते या वाटेनं.

माणसांवरच्या चाचण्यांत पहिलं नाव गुडघ्याचं. २००१ मध्ये अमेरिकेत ऑल्टमन आणि मार्कुसेन यांनी गुडघ्यांची झीज असलेल्या २४७ रुग्णांची सहा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना अद्रकाचा अर्क, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. उभं राहताना होणारं दुखणं अर्कवाल्यांपैकी ६३ टक्क्यांचं कमी झालं. छान. पण खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीही ५० टक्क्यांचं कमी झालं! म्हणजे खरा फायदा त्या मधल्या तेरा टक्क्यांत. पुढे २०१५ मध्ये अशा पाच चाचण्या, ५९३ रुग्ण, एकत्र करून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष तोच: दुखणं थोडं कमी होतं; मात्र अद्रक घेणाऱ्यांत चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त, मुख्यतः पोटाच्या तक्रारींमुळे आणि चवीमुळे.

इथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ऑल्टमन यांच्या चाचणीतला अर्क दिवसातून दोनदा द्यायचे, आणि दर वेळचा अर्क अडीच ते चार ग्रॅम वाळलेल्या अद्रकापासून काढलेला होता. शिवाय त्यात कोलिंजनाच्या कुळातल्या दुसऱ्या एका कंदाचा अर्कही होता. म्हणजे दिवसाला पाच ते आठ ग्रॅम सुंठ. ओल्या अद्रकाची सुंठ साधारण पाचवा हिस्सा उतरते. तेव्हा ते झालं पंचवीस ते चाळीस ग्रॅम ओलं अद्रक, रोज. अंगठ्याएवढे दोन-तीन तुकडे. घरातल्या चार माणसांच्या चहाला बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचून टाकतात, आणि त्यातलंही बरंचसं गाळणीत राहतं. 'मी रोज अद्रकाचा चहा पितो, तरी गुडघे दुखतात' ही तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. आणि आकडा पाहून कुणी रोज चाळीस ग्रॅम अद्रक चावायला निघालं, तर त्यानं आधी चाचणी सोडून गेलेल्या लोकांची आठवण ठेवावी.

मळमळीचा पुरावा गुडघ्यापेक्षा भक्कम आहे. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीवर बसवून गरगरवलं होतं. सुंठीची पूड घेतलेले जास्त वेळ टिकले. २०१२ मध्ये अमेरिकेत ज्युली रायन आणि सहकाऱ्यांनी केमोथेरपी घेणाऱ्या ५७६ कर्करुग्णांवर केलेल्या चाचणीत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम अद्रकानं पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. नेहमीची औषधं चालू होतीच, अद्रक त्यांच्या जोडीला. म्हातारपणी कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण पाहता ही बारीक गोष्ट नाही. एक ग्रॅम सुंठ म्हणजे पाच ग्रॅम ओलं अद्रक. हे प्रमाण स्वयंपाकघराच्या आवाक्यातलं आहे.

आणि तृप्तिघ्न? तैवानमध्ये २००८ साली २४ निरोगी माणसांना १२०० मिलिग्रॅम अद्रक देऊन जठर किती वेळात रिकामं होतं ते मोजलं. निम्मं रिकामं व्हायला अद्रकाविना सरासरी २६.७ मिनिटं लागली, अद्रकानं १३.१. वेळ निम्मा झाला. तीन वर्षांनी तिथेच अपचनाची तक्रार असलेल्या ११ रुग्णांवर तोच प्रयोग झाला. जठर लवकर रिकामं झालं, पण रुग्णांच्या तक्रारींत फरक पडला नाही. विज्ञान असंच चालतं; एक पाऊल टाकून दुसरं टाकताना अडखळतं. तरी जेवणाआधी अद्रकाचा काप सैंधव लावून चघळायची जी रीत आपल्याकडे आहे, ती घड्याळ लावून पाहिली तर निदान अर्धी खरी ठरते, एवढं म्हणता येईल.

आयुष्य वाढल्याचा पुरावा मात्र आहे, आणि तो कृमींचा आहे. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा कृमी दोन-तीन आठवडे जगतो, म्हणून वार्धक्याचे संशोधक त्याच्यावर जीव टाकतात. २०१८ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी शोगाओल दिलेले कृमी जास्त दिवस जगल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतल्या संशोधकांनी अद्रकातलं जिंजेरेनोन ए हे द्रव्य म्हाताऱ्या पेशींना नेमकं गाठून मारतं, असं दाखवलं; पण बशीतल्या पेशींवर. या पेशींचं प्रकरण मोठं मनोरंजक आहे. त्या विभाजन थांबवतात पण मरत नाहीत, आणि आजूबाजूच्या पेशींना दाहाचे संदेश पाठवत राहतात. काम सोडून बांधावर बसलेल्या आणि बाकीच्यांनाही काम करू न देणाऱ्या गड्यासारख्या. त्यांना काढून टाकता आलं तर म्हातारपण सुसह्य होईल, अशी आशा आहे. २०२३ मध्ये आणखी एक काम आलं: निरोगी स्वयंसेवकांनी सात दिवस अद्रकाचा अर्क घेतल्यावर त्यांच्या रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी उगाच खवळून जाळी टाकेनाशा झाल्या, ही जाळी ल्युपससारख्या आजारांत घातक ठरते. स्वयंसेवक मोजके, दिवस सात. वाचायला उत्साह वाटतो. पण कृमीपासून माणसापर्यंत आणि सात दिवसांपासून सत्तर वर्षांपर्यंत जो रस्ता आहे, त्यावर आजवर असंख्य औषधांची गाडी रुतली आहे.

याच जिल्ह्यात अलीकडे घडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी खाज, मग दोन-तीन दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, कुणी सुटलं नाही. पाणी तपासलं, शाम्पूवर संशय घेतला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक येऊन गेलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत जाऊन नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आता गंमत अशी, की सेलेनियम हे शरीराला लागणारं खनिज आहे, आणि 'तारुण्य टिकवणाऱ्या' महागड्या गोळ्यांच्या डब्यांवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. दाहविरोधी, पेशीरक्षक, सगळी विशेषणं तीच, जी अद्रकाला लावतात. अमेरिकेत पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर झालेली सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची मोठी चाचणी २००८ मध्ये थांबवावी लागली. प्रोस्टेटचा कर्करोग त्यानं टळला नाही. आणि इकडे बोंडगावात टक्कल पडलेल्या मुलींच्या लग्नाची चिंता आईबापांना लागली. शरीराला लागणारी गोष्ट जास्त घेतली म्हणजे जास्त चांगली होत नाही, हे सांगायला पुस्तक उघडायची गरज नाही, शेगावची बस पकडली तरी पुरे.

अद्रक सेलेनियमसारखं जहाल नाही. स्वयंपाकातल्या प्रमाणात ते निर्धोक आहे, दिवसाला तीन-चार ग्रॅम सुंठीपर्यंतही बहुतेकांना चालतं. धोका आहे तो ज्यांना वयामुळे आधीच पाच गोळ्या चालू आहेत त्यांना, आणि अर्काच्या कॅप्सूल नेमके तेच विकत घेतात. रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असेल, विशेषतः वॉरफरिन, तर अद्रकाच्या अर्कानं रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. साखरेच्या औषधाबरोबर साखर जास्त खाली येऊ शकते. आम्लपित्ताच्या माणसाची छाती जळते. पित्ताशयात खडे असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना सांगावं. गावाकडे अडचण अशी, की डॉक्टर 'कोणती औषधं घेता' असं विचारतात तेव्हा आजोबा गोळ्यांची पिशवी पुढे करतात आणि मुलानं पुण्याहून पाठवलेली अद्रकाची बाटली घरी फडताळात राहते. ते 'औषध' थोडंच आहे, ते तर अद्रक!

एक उपयोग मात्र कोणत्याही कॅप्सूलवाल्यानं सांगितलेला नाही, आणि तो मला सगळ्यात कामाचा वाटतो. रक्तदाब वाढलेल्या माणसाला मीठ कमी करायला सांगतात. मीठ कमी झालं की जेवण बेचव होतं, बेचव झालं की तो जेवत नाही, किंवा चोरून लोणचं खातो. वरणात, ताकात, भाजीत अद्रकाचा तिखटपणा आणि वास आला की मिठाची उणीव पुष्कळशी झाकली जाते. पोळी खाता येत नाही म्हणून मुगाची पातळ खिचडी खाणाऱ्या माणसाच्या ताटात अद्रक-जिऱ्याची फोडणी ही चैन नव्हे. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर डिंकाचे लाडू वळताना त्यात सुंठ घालतात, रामनवमीला सुंठवडा वाटतात, बाळंतिणीला सुंठ देतात. पण सासऱ्यांच्या वरणात रोज थोडं अद्रक किसायची आठवण कुणाला राहत नाही.

दीर्घायुष्याबद्दल बोलताना हा जिल्हा विसरून चालत नाही. जिजाऊ सिंदखेड राजाच्या. १५९८ मध्ये जन्मल्या आणि १६७४ मध्ये, राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून, शहात्तराव्या वर्षी गेल्या. त्या काळाच्या मानानं ते फार मोठं आयुष्य. आणि याच जिल्ह्याचं नाव २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या मदतीच्या यादीत होतं. जिथे कर्ता माणूस चाळीशीत जातो, तिथे शंभरी गाठण्याचे उपाय सांगणाऱ्यानं जरा आवाज खाली ठेवावा. घाटाखाली खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, खाऱ्या पाण्याच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. त्या पाण्यावर अद्रकाचा काढा हा उतारा नाही. गोड्या पाण्याची नळयोजना हा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरातली जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती, देशाच्या सरासरीहून जास्त. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या बहात्तर हजारांवर लोकांची जी पाहणी केली, तीत साठीनंतरही काम करणारे मुख्यतः शेतात आणि असंघटित कामांत दिसतात, कारण निवृत्तिवेतन नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलेली नाही. धुऱ्यावरच्या त्या आजी गुडघे दुखत असूनही निंदायला येतात त्या हौसेनं नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानाचे दवाखाने आहेत, गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, पण गुडघ्यासाठी मजुरी बुडवून रांगेत उभं राहणं अनेकींना परवडत नाही. म्हणून सुंठीचा लेप.

राहिलं पिकवणाऱ्याचं. २०२३ च्या पावसाळ्यात अद्रक किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या पुढे गेलं. रात्री वावरात राखण करावी लागत होती. ते पाहून पुढच्या हंगामांत ज्यानं त्यानं लागवड केली आणि भाव कोसळले. वयाला भ्यालेलं गिऱ्हाईक कॅप्सूलच्या बाटलीला शेकडो रुपये मोजतं, त्यातलं वाफ्यापर्यंत काय पोचतं हे चिखलीच्या बाजारात विचारावं. शेतकऱ्याच्या हातात एकच सोय आहे: भाव नसला तर कंद काढायचाच नाही. अद्रक नऊ महिन्यांत तयार होतं, पण जमिनीतच ठेवलं, पाणी-खत दिलं तर सोळा-अठरा महिन्यांनीही काढता येतं आणि वजन वाढतं. पण दुसऱ्या पावसाळ्यात कंदकूज शिरली तर वाढलेलं वजन आणि मूळ भांडवल दोन्ही जातं.

सुंठ करणं ही दुसरी वाट. तिच्यासाठी पिकाला पूर्ण पक्व होऊ द्यायचं, पाला वाळू द्यायचा. मग धुवायचं, बांबूच्या काडीनं किंवा बोथट सुरीनं वरवर साल खरवडायची, कारण तेल सालीच्या लगेच खाली असतं आणि खोल सोललं की तेच जातं. मग आठ-दहा दिवस उन्हात. जानेवारी-फेब्रुवारीचं घाटावरचं कोरडं ऊन या कामाला चांगलं. मजूर मात्र तेव्हा हरभऱ्याच्या सोंगणीला गेलेले. पाच किलोंची एक किलो होते, तेव्हा सुंठीचा भाव ओल्या अद्रकाच्या पाचपटीहून बराच वर असेल तरच सोलण्याची मजुरी निघते. बुलढाण्यात पतसंस्थांच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज काढायची सवय लोकांना आहे. सोयाबीन, हरभरा, तूर तसे ठेवतात. ओलं अद्रक ठेवता येत नाही, सुंठ ठेवता येईल. चिखलीच्या त्या वावराच्या मालकांनी यंदा दोन वाफे सुंठीसाठी राखले आहेत. उरलेलं अद्रक जानेवारीत काढायचं की पुढच्या दिवाळीपर्यंत जमिनीत ठेवायचं, हे ते संक्रांतीच्या बाजारातला भाव पाहून ठरवणार आहेत.